फोमचा बोळा, कारखान्यातला मफ की महागडा हेडफोन? गोंगाटाने भंडावून जाणाऱ्या मोठ्यांसाठी

आधी निकाल सांगून टाकू, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. फोमच्या इअरप्लगचे पाच जोड आणि कारखान्यात वापरतात तसला एक इअर मफ (कमानीने जोडलेल्या, कान झाकणाऱ्या गादीच्या दोन वाट्या), एवढ्यावर सुरुवात करा. पंचवीस-तीस हजारांचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन त्यानंतर, आणि तोही तुमचा त्रास घरघरीचा असेल तरच. त्रास कुकरच्या शिट्टीचा, भांड्यांच्या आदळआपटीचा आणि माणसांच्या बोलण्याचा असेल तर त्यातले बरेचसे पैसे वाया जातात.

हे ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांचं वय पंचवीस-तीसच्या पुढे. नोकरी-संसार चालू, बाहेरून सगळं ठीक. पण मंगल कार्यालयातून किंवा ऑफिसच्या भल्यामोठ्या मोकळ्या हॉलमधून घरी आल्यावर दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं, बोलायला शब्द सापडत नाहीत, किरकोळ कारणावरून रडू फुटतं नाहीतर भडका उडतो. 'आपल्याला ऑटिझम तर नाही ना?' ही शंका मनात रुतलेली आहे, निदान मात्र झालेलं नाही. मोठ्यांचं निदान करणारे तज्ज्ञ शहरांतही मोजकेच, त्यामुळे वेळ लागतो. तोवर कान झाकायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

खरेदीआधी डब्यावरच्या आकड्यांचा घोळ समजून घ्या. थ्रीएम कंपनीचा ११०० हा केशरी फोमचा प्लग उदाहरणादाखल घ्या. तो किती आवाज अडवतो याचा आकडा अमेरिकी मोजणीत, म्हणजे एनआरआरमध्ये, २९ डेसिबल आणि युरोपी मोजणीत, म्हणजे एसएनआरमध्ये, ३७. वस्तू तीच, मोजायची पद्धत वेगळी. ऑनलाइन विकणारे साहजिकच मोठा आकडा ठळक छापतात. म्हणून दोन प्लगांची तुलना करताना एनआरआरची एनआरआरशी आणि एसएनआरची एसएनआरशीच करा. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत नीट बसवलेल्या प्लगचे असतात. घरी घाईघाईत अर्धवट कोंबलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही. साधारण दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दुसरा घोळ स्वस्त इअरबड्सच्या खोक्यावरचा. तिथे मोठ्या अक्षरांत 'ईएनसी' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं आवाज बंद करणारं काहीतरी मिळालं. ईएनसी तुमच्या कानासाठी नसतंच. फोनवर बोलताना तुमच्या मागचा गोंगाट पलीकडच्याला ऐकू जाऊ नये, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानासाठी लागतं ते एएनसी, म्हणजेच वर म्हटलेलं नॉइज कॅन्सलिंग. एका अक्षराच्या फरकाने दीड-दोन हजार रुपये पाण्यात जातात.

आता फोम. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते, औषधाच्या मोठ्या दुकानात किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडे. 'मी घालून पाहिला, काही उपयोग नाही' असं जे म्हणतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो बसवलेलाच नसतो, नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला असतो. बसवायची रीत अशी. हात धुऊन कोरडे करा. प्लग बोटांत धरून वळा, वातीसारखा, बारीक आणि बिनसुरकुतीचा होईपर्यंत. चुरगाळून दाबू नका, सुरकुती राहिली की तिच्यातून आवाज आत येतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागून आणा, कानाची पाळी नव्हे तर वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा. त्याने आतली वाकडी नळी सरळ होते. वळलेला प्लग आत सरकवा आणि बोटाने तीस सेकंद धरून ठेवा. ही तीस सेकंदंच लोक खातात. फोम हळूहळू फुगतो, आणि बोट आधी काढलं तर तो फुगता फुगता बाहेर येतो.

बसला की नाही ते तपासायच्या दोन सोप्या खुणा. आरशात समोरून पाहताना प्लगचं टोक कानाबाहेर डोकावत असेल तर तो आत गेलेला नाही. दुसरी खूण म्हणजे दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग सैल आहे. फारसा फरक पडला नाही तर बसलाय. नीट बसल्यावर स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो आणि कुरमुरे खाताना डोक्यात खडी फोडल्यासारखं वाटतं. कानाची नळी बंद झाली की असं होणारच. काहींना मात्र हा आतला घुमारा बाहेरच्या गोंगाटाइतकाच असह्य होतो. त्यांनी फोमचा हट्ट धरू नये, सरळ मफकडे वळावं. जेवणाच्या पंगतीत फोम घालून बसायची कल्पनाही याच कारणाने फसते.

काढताना फिरवत फिरवत, सावकाश. हवाबंद बसलेला प्लग झटक्यात ओढला तर पडद्याला दुखतं. धुऊ नका. धुतलेला फोम फुगायचं विसरतो. वळल्यावर चटकन परत फुलत नसेल, कडक झाला असेल किंवा मळला असेल तर टाकून द्या. आपल्याकडे कानात तेल घालायची सवय आहे. तेलकट नळीत फोम घसरतो आणि मळ मऊ होऊन आत ढकलला जातो. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा मळ साचून दडे बसले असतील तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि ज्यांच्या कानाची नळीच बारीक आहे त्यांना जाड दंडगोल प्लग अर्ध्या तासात दुखायला लागतो. ११०० सारखे टोकाकडे निमुळते होणारे प्लग त्यांना जास्त मानवतात. दोरीवाले हवेत तर त्याच घडणीचा १११० मागा. गळ्यात लटकतो, लोकलमध्ये खाली पडून हरवत नाही.

फोमची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती कुठल्या डब्यावर छापलेली नसते. डोकं पूर्ण भरून आलेलं असताना, हात थरथरत असताना, फोम वळून तीस सेकंद शांतपणे धरून ठेवणं जमत नाही. म्हणून फोम हे आधीचं साधन आहे. मंगल कार्यालयाच्या दारातून आत शिरण्याआधी, लोकलमध्ये चढण्याआधी, मिरवणूक गल्लीत यायच्या आधी. ऐन वेळचं साधन म्हणजे मफ. उचलला, कानांवर ठेवला, झालं. एका हाताने, डोळे मिटून, तीन सेकंदांत.

मफमध्ये थ्रीएम पेल्टरच्या एक्स मालिकेची नावं सारखी कानावर येतात. एक्स५ए सगळ्यात जास्त आवाज अडवतो, एनआरआर ३१. पण त्याचं वजन साडेतीनशे ग्रॅम आणि वाट्या एवढ्या जाड की माणूस विमानतळावर विमानाला झेंडे दाखवायला निघाल्यासारखा दिसतो. तासाभराने मान भरून येते. एक्स४ए चा एनआरआर २७, वजन २३४ ग्रॅम, वाट्या पातळ. घरासाठी चार डेसिबलचा तोटा सोसून एक्स४ए घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. हजार रुपयांच्या आतले देशी मफही स्वयंपाकघरापुरते चालतात. त्यांत फरक पडतो तो गादीत आणि कमानीच्या दाबात. गादी टणक असेल तर सील बसत नाही.

मफ फसतो तो याच सीलपाशी. चष्म्याची जाड काडी गादीखाली गेली की तिथे फट पडते आणि आवाज आत येतो. बारीक तारेच्या काडीचा चष्मा असेल तर नुकसान कमी. कानातले झुमके काढा, केस गादीखालून मागे घ्या. नवीन मफ डोकं आवळतो. स्पर्शही बोचणाऱ्यांना, ज्यांना शर्टाच्या कॉलरचं लेबल कापून टाकावं लागतं त्यांना, हा दाब असह्य वाटू शकतो. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं घाला. तरीही आवळत असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर चढवून ठेवा, कमान थोडी सैलावते. फार ताणलात तर दाबच जाईल आणि दाबाशिवाय मफ म्हणजे नुसती टोपी. काहींना उलट हाच दाब शांत करतो, तेव्हा घालून पाहिल्याशिवाय ठरवू नका. मे महिन्यात मुंबई-कोकणात गादीखाली घामाची तळी होतात. ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. गाद्या आणि आतला फोम सुटा मिळतो, रोज वापर असेल तर सहा महिन्यांनी बदलायचा. गादीला तडा गेला की बदलायची वेळ झालीच. ज्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळत नाहीत ते घेऊच नका.

मफखाली फोम घातला तर दोन्हींची बेरीज होते का? नाही. ढोबळ हिशेब असा की दोन्हींतला जो जास्त अडवतो त्यात पाचेक डेसिबलची भर पडते. काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोचतो, तो कानावर काहीही ठेवलं तरी अडत नाही. तरी विसर्जनाच्या दिवशी खिडकीखाली ढोल-ताशा आणि डीजे असताना ते पाच डेसिबलही हवेसे वाटतात. छातीत घुमणारा डीजेचा ठोका मात्र मफने थांबत नाही. तो भिंतीतून आणि अंगातून येतो. त्या दिवशी रस्त्यापासून लांबची, शक्यतो घराच्या मागच्या बाजूची खोली गाठणं हाच इलाज. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ती २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही त्याच नियमांतली. तक्रारीसाठी पोलिसांचा ११२.

आता महागडा हेडफोन. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (२०२०) किंवा त्यानंतरचा एक्सएम५ (२०२२) धरून चालू, बोसच्या क्वाएट कम्फर्टचंही तत्त्व तेच. बाहेरचा मायक्रोफोन आवाज पकडतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो. सतत चालणारी, खालच्या पट्टीतली घरघर यात जवळजवळ विरून जाते. एसटीचं इंजिन, एसीचा कॉम्प्रेसर, पंखा, विमान, ऑफिसातल्या सर्व्हरची गुणगुण. ज्यांना दिवसभराच्या घरघरीने संध्याकाळी पोखरल्यासारखं होतं, त्यांना पहिल्यांदा बटण दाबल्यावर खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटतं. हा फायदा खरा आहे, त्यात खोट नाही.

पण अचानक येणारा आणि वरच्या पट्टीतला आवाज उलटी लाट तयार व्हायच्या आत कानात शिरलेला असतो. शिट्टी, चमचा पडणं, दाराची घंटा, रडणारं मूल, बाजूच्या टेबलावरची चर्चा. हे अडवायचं ते गादीनेच, आणि हेडफोनची गादी मफएवढी जाड नसते. उलट होतं असं की मागची घरघर गेल्यामुळे उरलेलं बोलणं जास्त ठळक ऐकू येतं. ऑफिसात हेडफोन घालूनही लक्ष लागत नाही ते यामुळे. उपाय म्हणजे आत एकसुरी आवाज लावणं, पाऊस किंवा पंख्यासारखा, शब्द नसलेला, बोलणं जेमतेम झाकेल एवढाच मोठा. हेडफोनमधला आवाज वाढवत नेणं म्हणजे गोंगाटावर गोंगाट.

दोन गोष्टी घेतल्या घेतल्या करा. एक्सएम४ आणि एक्सएम५ मध्ये 'स्पीक-टू-चॅट' नावाची सोय आहे. तुम्ही बोललात की हेडफोन गाणं थांबवून बाहेरचा आवाज आत सोडतो. स्वतःशी गुणगुणून शांत होणाऱ्यांचा, आणि असे बरेच असतात, यात घात होतो. गुणगुणलं, खोकलं की सगळा गोंगाट धाडकन आत. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती बंद करा. दुसरं, एएनसी चालू केल्यावर काहींना घाटात कान दडतात तसा दाब जाणवतो, मळमळतं. शांत खोलीत जास्त, गोंगाटात कमी. दुकानात दहा मिनिटं घालून उभं राहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एक्सएम४ ची घडी होते, एक्सएम५ ची होत नाही. रोज लोकलने जाणाऱ्याच्या बॅगेत हा फरक आवाजाच्या बारकाव्यांपेक्षा मोठा ठरतो.

लूप कंपनीच्या प्लगांसारखे सिलिकॉनचे दिसायला छान प्लगही बरेच जण विचारतात. लूपच्या क्वाएट २ चा एसएनआर २४, एंगेज २ चा १६. म्हणजे एंगेज हा आवाज बंद करायला नाहीच, थोडा खाली आणायला आहे. माणसांशी बोलत राहावं लागतं अशा ठिकाणी, बारशाला, पालकसभेला, तो फोमपेक्षा कामाचा. धुता येतो. वेगवेगळ्या मापांची टोकं येतात, दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तर नवल मानू नका. आयात मालाची किंमत पाहता आधी फोम वापरून बघा आणि 'एवढं बंद नको' असं वाटलं तरच इकडे या.

वापराच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगली वस्तूही उशिरा घातली तर निकामी. ऑटिझम असलेल्या अनेकांना भूक, थकवा, ताण असे आतले इशारे उशिरा कळतात. त्यात वर्षानुवर्षं 'सगळं ठीक आहे' असा चेहरा ठेवायची सवय. 'त्रास झाला की घालू' हे म्हणूनच चालत नाही, त्रास झाल्याचं कळेपर्यंत बांध फुटलेला असतो. घड्याळ लावा. मंगल कार्यालयात पाऊल टाकायच्या आधी प्लग, दर पाऊण तासाने दहा मिनिटं जिन्यात, गच्चीवर किंवा गाडीत. जेवणाची पहिली पंगत गाठा, पंख्याखालची कोपऱ्यातली जागा धरा, स्पीकरकडे पाठ नको. परतल्यावर मफ, मंद दिवा, पाणी, आणि तासभर कुणी काही विचारायचं नाही हे घरात आधीच बोलून ठेवलेलं. ऐन वेळी 'काय झालं, सांग ना' हा प्रेमाचा प्रश्नही आणखी एक आवाजच असतो.

'कानात काय घातलंयस?' असं मावशी विचारणारच. 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं खोटं सांगायची गरज नाही. 'आवाजाने डोकं दुखतं, मावशी, तुम्ही बोला, मला ऐकू येतंय' एवढं पुरतं, आणि प्लग लावून समोरच्याचं बोलणं खरंच ऐकू येतं.

आता उलट बाजू. दिवसभर, शांत घरातही कान बंद ठेवले तर मेंदू आतलं आवाजाचं बटण जणू मोठं करतो आणि नंतर साधे आवाजही जास्त टोचू लागतात. म्हणून गोंगाटात घाला, शांततेत काढा. दुचाकीवर, रेल्वे फाटकाशी, रस्ता ओलांडताना काहीच नको. रात्री घालून झोपत असाल तर गजर थरथरणाऱ्या घड्याळावर लावा आणि घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर एकच कान बंद.

प्लगने आराम पडला म्हणजे ऑटिझम सिद्ध झाला, असं मात्र नाही. आवाजाचा त्रास मायग्रेनमध्ये होतो, एडीएचडीत (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) होतो, चिंताविकारात होतो, नुसत्या कानाच्या अतिसंवेदनेतही होतो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, संवेदनांची अतितीव्रता हे ऑटिझमच्या निकषांपैकी एक आहे, पण एकटं नाही. लोकांशी देवाणघेवाणीतल्या अडचणी, ठरावीकपणाची ओढ, आणि या खुणा लहानपणापासून असणं, हे सगळं पाहिलं जातं. इंटरनेटवरची एक्यू (५० प्रश्न, ३२ गुण ही जुनी खूणरेषा) किंवा राड्स-आर (८० प्रश्न, ६५) या चाचण्या चाळणी आहेत, निकाल नाहीत. चिंता जास्त असेल तरी त्यांत गुण चढतात. मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना छापील गुणांपेक्षा दोन आठवड्यांची वही जास्त उपयोगी पडते: कुठे होतो, कोणता आवाज, प्रकाश, गर्दी, किती वेळाने बांध फुटला, सावरायला किती वेळ लागला, प्लग घातला होता का. सोबत शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणि बालपण आठवणारं कुणीतरी, आई, काका, थोरली ताई. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असेल तर ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे आणि मोजमाप आयएसएए या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपद्धतीने होतं. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. अशा हार्डवेअरच्या बाजारात सेफ्टीच्या सामानाची दुकानं शोधा, मफ हातात घेऊन डोक्यावर चढवून बघता येतो. ऑनलाइन दोनशे जोड्यांचा स्वस्त खोका मोहात पाडतो. तो पहिल्यांदा घेऊ नका. पाकीट फोडलेले प्लग कुणी परत घेत नाही, आणि माप चुकलं तर उरलेले एकशे नव्व्याण्णव जोड ड्रॉवरमध्ये पडून राहतात.